हामानच्या नावाने शिमगा: ज्यू लोकांचा पुरीम म्हणजे नक्की काय

२०२५ साली १४ मार्चला आपल्याकडे धुळवड होती आणि नेमकी त्याच दिवशी तिकडे इस्रायलमध्ये तेल अवीवच्या रस्त्यांवर चांगली बापई माणसं कोणी राजा, कोणी राणी, कोणी डायनासोर, कोणी चक्क केळं बनून फिरत होती. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, जिथे एरवी गंभीर वातावरण असतं तिथे पोरंटोरं खुळखुळे वाजवतायत, म्हातारे पाय आपटतायत आणि कोणी कोणाला ओरडत नाहीये. हा पुरीम. ज्यू लोकांचा सगळ्यात दंगेखोर सण.

आणि गंमत बघा, आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेले मराठी बोलणारे ज्यू, या सणाला जुन्या काळापासून 'होळीचा सण' असंच म्हणत आले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं असेल आपलं काहीतरी, शेजाऱ्यांचं नाव उचललं असेल. पण खोलात गेल्यावर कळतं की नाव भलतंच फिट बसलंय, एकदा तारखेमुळे आणि एकदा स्वभावामुळे.

तारखेचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. ज्यू लोकांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. बारा चांद्र महिन्यांचे होतात साधारण ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ चं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांचा खड्डा पडतो. आपण तो अधिक मास घालून बुजवतो, ते पण एक जादा महिना घालतात, १९ वर्षांत ७ वेळा. फरक एवढाच की आपला अधिक मास कधी श्रावण, कधी अश्विन, कुठलाही येतो, त्यांचा मात्र कायम अदार महिनाच डबल होतो, पहिला अदार आणि दुसरा अदार, आणि पुरीम दुसऱ्यात करायचा. पुरीम असतो अदारच्या १४ तारखेला. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, तेव्हा १४ तारीख म्हणजे पौर्णिमेच्या अगदी तोंडावर, आणि अदार म्हणजे बहुतेक वेळा आपला फाल्गुन. झाली की नाही होळी! २०१४ ते २०२० सलग सात वर्षं हे दोन सण एकमेकांना चिकटून आले. मग २०२१ ला हुकलं, कारण २०२० मध्ये आपल्याकडे अधिक अश्विन पडला होता आणि त्यांचा जादा महिना अजून यायचा होता, त्यामुळे पुरीम २६ फेब्रुवारीला उरकला आणि आपली होळी गेली २८ मार्चला. पुढच्या वर्षी त्यांनी जादा अदार घातला की गाडी परत रुळावर. (त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून प्रत्येक सण आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, हे डोक्यात ठेवा नाहीतर तारखांचा गोंधळ होतो.)

आता गोष्ट. पुरीमची गोष्ट म्हणजे एस्तेरचा ग्रंथ, दहा अध्याय, हिब्रू बायबलमधलं छोटंसं पुस्तक. आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात भारत आहे! अहश्वेरोश नावाचा पारसदेशाचा राजा 'होदू'पासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करत होता, असं ते वाक्य. होदू म्हणजे आपली सिंधूकडची बाजू, आजही हिब्रूमध्ये भारताला होदूच म्हणतात, आणि कूश म्हणजे इजिप्तच्या खाली, नाईलच्या वरच्या अंगाचा मुलूख. हा राजा म्हणजे इतिहासातला झर्कसीस, इसवी सनापूर्वी ४८६ ते ४६५, असं बहुतेक अभ्यासक धरतात. राजधानी शूशन, ती जागा आज इराणच्या खुझेस्तान प्रांतात आहे, गावाचं नाव शूश.

तर या राजाने मेजवानी दिली, थोडीथोडकी नाही, १८० दिवस. आपल्याकडे लग्न पाच दिवस चाललं तरी मांडववाला हात जोडतो. ती संपल्यावर परत शहरातल्या लोकांसाठी आणखी सात दिवस. सातव्या दिवशी राजेसाहेब टुन्न, आणि हुकूम सोडला की वश्ती राणीला मुकुट घालून सगळ्यांसमोर आणा, किती सुंदर आहे ते लोकांना दिसू दे. वश्ती म्हणाली येत नाही. संपलं. मंत्र्यांची धांदल उडाली की राणीच नवऱ्याचं ऐकत नाही म्हटल्यावर उद्या आमच्या बायका काय ऐकणार, मग वश्तीचं राणीपद गेलं आणि साम्राज्यभर प्रत्येक भाषेत फर्मान गेलं की घरात पुरुषाचा शब्द चालेल. जगातल्या सगळ्यात ताकदवान राजाला हे फर्मान काढून सांगावं लागतंय, इथेच लेखकाचा मिश्किलपणा दिसतो.

नवी राणी निवडायला देशभरातून मुली आणल्या, त्यात एस्तेर निवडली गेली. ही अनाथ ज्यू मुलगी, मूळ नाव हदस्सा, तिला वाढवलेलं तिच्या चुलतभावाने, मर्दखयने. त्याने तिला बजावलेलं की तू कोण आहेस, कुठल्या लोकांतली आहेस, हे वाड्यात कोणाला सांगू नकोस. तिने नाही सांगितलं. दरम्यान मर्दखय वाड्याच्या दाराशी बसलेला असताना त्याला दोन पहारेकऱ्यांचा राजाला मारायचा कट कळला, त्याने एस्तेरमार्फत राजाला कळवलं, ते दोघं फासावर गेले, दरबारच्या बखरीत नोंद झाली आणि मर्दखयला बक्षीस द्यायचं सगळे विसरून गेले. ही नोंद लक्षात ठेवा.

मग येतो हामान. राजाने त्याला सगळ्यांच्या वर बसवलं, सगळ्यांनी त्याला मुजरा करायचा, मर्दखय करेना. हामानचा इगो असा की एकट्या मर्दखयला मारून त्याचं समाधान होईना, त्याला त्याची अख्खी जमातच संपवायची होती. आता कधी मारायचं, तर त्याने चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीला, सोडतीला तिथे शब्द होता 'पूर', अक्कादी भाषेतला, आणि त्याचं हिब्रू अनेकवचन झालं पुरीम. म्हणजे सणाचं नाव शब्दशः 'सोडती'. म्हाडाची निघते ना, तशी, फक्त इथे घराऐवजी मरणाची तारीख निघाली: अदार महिन्याची १३. चिठ्ठी टाकली वर्षाच्या पहिल्या महिन्यात, निघाला बारावा, त्यामुळे मध्ये जवळजवळ अकरा महिने हातात राहिले, आणि गोष्ट सगळी तिथेच घडते. हामान राजाकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या राज्यात एक जमात आहे, सगळीकडे विखुरलेली, त्यांचे कायदे वेगळे, ती तुमचं ऐकत नाही, परवानगी द्या, मी १०,००० तालांत (हे तिकडचं जुनं मोठं वजन) चांदी खजिन्यात भरतो. राजाने कोण जमात एवढं विचारलंसुद्धा नाही, हातातली अंगठी काढून दिली. घोडेस्वार फर्मानं घेऊन सुटले, राजा आणि हामान प्यायला बसले, आणि शूशन शहर मात्र गोंधळून गेलं, असं मूळ पुस्तकात आहे.

मर्दखयने एस्तेरला निरोप पाठवला की राजाकडे जा. ती म्हणाली बोलावल्याशिवाय आत जो जातो त्याला मृत्युदंड, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचतो, आणि मला तर तीस दिवसांत बोलावणं नाही. तो म्हणाला, वाड्यात आहेस म्हणून तू वाचशील असं समजू नकोस, कोण जाणे, याच वेळेसाठी तू राणी झाली असशील. मग तिने सगळ्या ज्यूंना तीन दिवस उपास करायला सांगितला, स्वतः केला, आणि म्हणाली, जाते, मेले तर मेले. (पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा उपास करतात त्याला ही आठवण जोडलेली आहे.)

राजाने राजदंड पुढे केला, काय पाहिजे ते माग म्हणाला, तर हिने काय मागावं, तुम्ही आणि हामान माझ्याकडे जेवायला या. जेवायला आले, परत विचारलं, ही म्हणते उद्या परत या. हामान हवेत. घरी जाताना दारात मर्दखय दिसला, उठला नाही, परत डोकं फिरलं. बायको म्हणाली पन्नास हात उंच खांब उभा करा, सकाळी राजाला सांगून त्याला लटकवा आणि मग खुशाल जेवायला जा. पन्नास हात म्हणजे सात मजली बिल्डिंग झाली, पण हामानला पटलं.

आणि त्या रात्री राजाला झोप लागली नाही. एवढंच. अख्खी गोष्ट या एका निद्रानाशावर फिरते. झोप येईना म्हणून त्याने बखर वाचायला लावली, वाचता वाचता मर्दखयची ती जुनी नोंद निघाली, याला बक्षीस काय दिलं, काहीच नाही. तेवढ्यात हामान अंगणात आलेला, मर्दखयला लटकवायची परवानगी मागायला. राजाने विचारलं, ज्याचा सन्मान करायचाय त्याचं काय करावं? हामानला वाटलं आपल्याशिवाय कोण असणार, म्हणाला राजाची वस्त्रं घाला, राजाच्या घोड्यावर बसवा आणि एखाद्या मोठ्या सरदाराने लगाम धरून गावभर ओरडत न्यावं. राजा म्हणाला झकास, जा, मर्दखयला असंच फिरव. हे वाचताना मला दर वेळी हसू येतं, दशावतारात संकासुराची फजिती होते ना, अगदी तसला सीन आहे.

दुसऱ्या जेवणात एस्तेरने सांगून टाकलं की मी ज्यू आहे आणि मला आणि माझ्या लोकांना मारायला निघालेला माणूस हा समोर बसलाय. हामान त्याच खांबावर गेला, स्वतःच उभारलेल्या. पण फर्मानाचं काय? पारसी कायद्यात राजाच्या अंगठीचं फर्मान राजालासुद्धा मागे घेता येत नव्हतं, म्हणून दुसरं काढलं की त्या दिवशी ज्यूंनी एकत्र येऊन लढावं. १३ अदारला लढाई झाली, १४ ला विश्रांती आणि आनंद. शूशन शहरात मात्र लढाई १४ लाही चालू राहिली, तिथे आनंद १५ ला.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. शेवटच्या अध्यायांत मारले गेलेल्यांचा आकडा ७५,००० दिलाय, हामानची दहा मुलंही मारली. लुटीला हात लावला नाही असं तीन तीनदा सांगितलंय, पण तरी आज वाचताना घास अडकतो, आणि बऱ्याच ज्यू वाचकांनाही अडकतो, त्यावर त्यांच्यात वाद चालतात. माझ्या मते हे ज्यांच्या हातात काहीच नव्हतं अशा लोकांनी रंगवलेलं चित्र आहे, त्यातला आकडा हिशेब म्हणून वाचायचा नसतो, पण सोयीस्कर वगळायचाही नसतो.

कारण हे खरंच घडलं का, तर बहुतेक अभ्यासक म्हणतात जसंच्या तसं नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस झर्कसीसच्या राणीचं नाव अमेस्त्रिस सांगतो, साम्राज्याचे प्रांत वीस सांगतो, १२७ नाही. मर्दखय आणि एस्तेर ही नावं मार्दुक आणि इश्तार या बाबिलोनी देवदेवतांच्या नावांना विलक्षण जवळची आहेत. मृत समुद्राजवळच्या गुहांत बायबलच्या जवळपास सगळ्या पुस्तकांचे तुकडे सापडले, एस्तेरचा एकही नाही. तेव्हा ही एक झकास ऐतिहासिक कादंबरी आहे असं म्हणता येईल. पण लिहिणाऱ्याला पारसी दरबार चांगला माहिती होता हे नक्की. त्यात सुभेदारांसाठी जो 'अहश्दर्पान' शब्द येतो तो म्हणजे आपला क्षत्रप, तोच तो, नहपान क्षत्रपातला, ज्याच्या घराण्याला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं. आणि पहिल्या मेजवानीच्या मांडवाच्या वर्णनात 'कर्पास' नावाचं पांढरं कापड लावलेलं आहे, म्हणजे संस्कृत कर्पास, म्हणजे कापूस! भारत पहिल्या वाक्यात आला आणि थोड्या ओळींत त्याचा कापूस पण मांडवाला लागला.

अजून एक चमत्कारिक बाब: हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही नाही. धर्मग्रंथ आहे आणि देव गायब. नंतरच्या ग्रीक आवृत्तीत कोणीतरी प्रार्थना वगैरे घालून ती उणीव भरली, पण मूळ तसंच राहिलं. धर्मपंडित म्हणतात देव इथे लपलेला आहे, योगायोगांच्या आड, आणि एस्तेर हे नाव हिब्रूतल्या 'लपणे' या धातूशी जोडतात. एस्तेर स्वतःची ओळख लपवते, देव नाव लपवतो, आणि सगळं उलटं होतं. पुस्तकात यासाठी शब्द आहे 'व'नहफोख हू', म्हणजे 'आणि ते उलटंच झालं'. हे दोन धागे, लपणं आणि उलटापालट, हातात धरले की पुरीमच्या सगळ्या विचित्र चालीरीती आपोआप उलगडतात.

पहिली म्हणजे वाचन. एस्तेरची गुंडाळी, तिला मेगिला म्हणतात, चामड्यावर हाताने लिहिलेली, ती संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पूर्ण वाचायची, प्रत्येकाने ऐकायची, बायकांनीसुद्धा, कारण त्याही त्यात वाचल्या. पत्रासारखी घडी घालून धरतात कारण एस्तेर आणि मर्दखयने ही हकीकत पत्रं लिहून पाठवली होती. त्यात हामानचं नाव ५४ वेळा येतं आणि दर वेळी ते ऐकूच येता कामा नये, म्हणून बोंबाबोंब. आपण एखाद्याच्या नावाने शिमगा करतो म्हणतो ना, इथे तो खरोखर करतात! हातात कर्रकर्र वाजणारं एक खेळणं असतं, गोल फिरवायचं, हिब्रूत राअशान, युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश बोलीत ग्रेगर. काही जण बुटाच्या तळाला खडूने हामान लिहून पाय आपटून पुसतात. वाचणारा बिचारा थांबतो, आवाज ओसरला की पुढचं वाक्य. दहा मुलांची नावं मात्र एका श्वासात वाचायची, पार्शंदाथा पासून वैजाथा पर्यंत, वाचणाऱ्याचा चेहरा लाल होतो.

मग खायचे डबे पाठवणं, मिश्लोआख मानोत. निदान एका माणसाला निदान दोन वेगवेगळे तयार पदार्थ. दिवाळीच्या फराळाची ताटं फिरतात तसंच, मुलंच नेऊन देतात, वेशात. आणि निदान दोन गरिबांना दान, प्रत्येकी एक तरी. हे दान सगळ्यात वरचं. बाराव्या शतकातला मोठा धर्मपंडित मायमोनिडीस स्पष्ट लिहितो की स्वतःच्या मेजवानीवर आणि डब्यांवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांवर वाढवा. तालमूदमध्ये, म्हणजे धर्मचर्चेच्या त्या जुन्या प्रचंड ग्रंथात, दोन पंडितांची आठवण आहे की त्यांनी आपापलं जेवणच एकमेकांशी बदललं. हिशेबात कोणाचंच काही वाढलं नाही, पण दोघांनी पाठवलं आणि दोघांना आलं!

चौथी मेजवानी, दिवसाउजेडी, आणि तिच्यात दारू. इथे तालमूद कमाल करतो. रावा नावाचा पंडित म्हणतो, पुरीमला इतकं प्यावं की 'हामानला शाप' आणि 'मर्दखयला आशीर्वाद' यातला फरक कळेनासा व्हावा. हिब्रू अक्षरांना आकडे असतात, आणि या दोन्ही वाक्यांची बेरीज येते ५०२, म्हणजे फरक तसाही कमीच. पण लगेच पुढे तालमूदच एक गोष्ट सांगतो: रब्बा आणि रब्बी झेरा हे दोन पंडित एकत्र पुरीमला बसले, रब्बाला इतकी चढली की उठून त्याने झेराचा गळाच चिरला. सकाळी शुद्धीवर आल्यावर देवाची करुणा भाकली, झेरा जिवंत झाला. पुढच्या वर्षी रब्बा म्हणाला, या, यंदा पण पुरीम एकत्र करू. झेरा म्हणाला, चमत्कार दर वेळी होत नाही. पुढे कित्येक धर्मगुरूंनी युक्ती काढली की रोजच्यापेक्षा थोडी जास्त घ्या आणि झोपा, झोपलेल्याला कुठे कळतो हामान आणि मर्दखय. आपल्याकडच्या धुळवडीच्या भांगेवाल्यांना हे सांगायला हरकत नाही.

वेश घेणं ग्रंथात कुठेच नाही. ते युरोपात, इटलीतल्या ज्यूंमध्ये पंधराव्या शतकाच्या सुमारास आलं असं मानतात, आजूबाजूला व्हेनिससारख्या ठिकाणी कार्निव्हल चालायचे, मुखवटे दिसायचे, आणि इथे आयतीच लपणाऱ्या राणीची गोष्ट होती. पोलंड-जर्मनीकडे त्यातून पुरीमची नाटकं निघाली, विद्यार्थी गुरुजींची नक्कल करायचे, एक दिवस सगळं माफ. तेल अवीवमध्ये १९१२ पासून मिरवणूक निघायला लागली, पुढे तिला नाव पडलं अदलोयादा, म्हणजे रावाच्या त्या वाक्यातलं 'कळेनासं होईपर्यंत'. आता होलोन शहरातली अदलोयादा मोठी असते.

खाणं म्हणाल तर युरोपातल्या ज्यूंची तिकोनी बिस्किटं, हामानताश, आत खसखशीचं सारण. 'मोन' म्हणजे खसखस, 'ताश' म्हणजे खिसा, मोनताशचं हामानताश झालं. हामानची टोपी तिकोनी होती म्हणून असं जे सांगतात ते नंतरचं, पारसी दरबारात तिकोनी टोपी कोण घालणार. हिब्रूत त्यालाच म्हणतात हामानचे कान. इराकी ज्यू करतात सांबुसक, काबुली चणे भरून तळलेली करंजी, आणि हो, नावावरून ओळखलंत ते बरोबर, समोशाचाच भाऊबंद. चणे कुठून आले तर एस्तेर वाड्यात मांस न खाता दाणे आणि कडधान्यांवर राहिली असं परंपरा सांगते. आणि सारण आत लपलेलं, हे तर तिचंच झालं.

जेरुसलेमला मात्र हे सगळं एक दिवस उशिरा. शूशन तटबंदीचं शहर, तिथे १५ ला झालं, म्हणून जी शहरं यहोशवाच्या, म्हणजे बायबलमधल्या फार जुन्या पुढाऱ्याच्या, काळापासून तटबंदीची मानतात तिथे १५ अदार. आज व्यवहारात ते जेरुसलेमच. त्यामुळे तेल अवीवमध्ये एक दिवस धिंगाणा करून दुसऱ्या दिवशी जेरुसलेमला जाऊन परत करता येतो, काही लोक करतातच. २०२५ मध्ये १५ अदार शनिवारी आला, शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दान, मेजवानी वगैरे जमत नाही, मग जेरुसलेममध्ये वाचन आणि दान शुक्रवारी, डबे आणि मेजवानी रविवारी, असा तीन दिवसांचा पुरीम झाला.

शिवाय ज्या गावावर संकट येऊन टळलं त्या गावाने स्वतःचा छोटा पुरीम सुरू केला. कैरोत १५२४ मध्ये तिथल्या सुभेदाराच्या, अहमद पाशाच्या तावडीतून सुटले म्हणून २८ अदारला. फ्रँकफर्टमध्ये १६१४ ला व्हिन्सेंझ फेटमिल्शच्या टोळीने ज्यू वस्ती लुटून लोकांना हाकललं, १६१६ ला त्याचं डोकं उडवलं आणि ज्यूंना परत आणलं, त्याचा २० अदारला. इराणात तर हमदान शहरात एस्तेर आणि मर्दखयची म्हणून समाधीच आहे, तिथले ज्यू अजून जातात.

आता परत रायगड. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली अशी बेने इस्रायलांची स्वतःबद्दलची आठवण. पुढे ते तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. हिब्रू विसरले, पुस्तकं नव्हती, पण सण राहिले, मराठी नावांनी: वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण, दार लावून उपास करायचा तो दरफाळणीचा सण, मग खिरीचा सण, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकात वालाचं बिरडं खायचं तो बिरड्याचा सण, आणि पुरीमचा होळीचा सण. हनुका, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण, मात्र त्यांच्यात नव्हता. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग झालं, शाअर हारहमीम, लोक त्याला मशीदच म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात बायबलच्या गोष्टींवर मराठी कीर्तनं पण रंगू लागली, आपल्यासारखीच, पूर्वरंग उत्तररंगासकट.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत, तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघायचं. आणि पुरीमला या घरांत पुरणपोळी करायची पद्धत आहे. म्हणजे होळीची पोळी ती, पण आत हरभऱ्याची डाळ, एस्तेरचं कडधान्य, आणि तेही लपलेलं! फक्त एक भानगड. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून तर त्यांच्या मटणात आणि गोडातही नारळाचं दूध असतं. तेव्हा पुरीमच्या मेजवानीत मटण शिजलं असेल तर त्याच जेवणातल्या पुरणपोळीवर तूप नाही, कोरडीच खायची किंवा नारळाच्या दुधात बुडवून. कोकणातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटायचं कारण नाही, देशावरच्यांनी मात्र जेवायला बोलावलं तर आधी मटण आहे का विचारून घ्यावं.